हापसेवाले हमीदभाई

हमीदभाईंनी गावांची नावं स्वतःपुरती बदलून टाकली होती. "उद्या अकरा पायपाच्या गावाला जायचंय," असं ते ड्रायव्हर नामदेवला सांगायचे आणि नामदेव काही न विचारता गाडी बरोबर त्या गावात नेऊन उभी करायचा. मी तेव्हा लातूर जिल्ह्यात ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामावर शाखा अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, ही माणसं कुठल्या तरी दुसऱ्याच तालुक्याबद्दल बोलताहेत. मग हळूहळू कळलं. हापशाखाली बोअरमध्ये दहा-दहा फुटांचे लोखंडी पाईप एकाला एक जोडून सोडलेले असतात. पाणी जेवढं खोल, तेवढे पाईप जास्त. हमीदभाई हातपंप दुरुस्ती पथकाचे मिस्त्री. तालुक्यातला प्रत्येक हापसा त्यांनी कधी ना कधी वर काढून परत खाली सोडलेला. त्यामुळे गाव म्हटलं की त्यांना वेस, देऊळ, पार असलं काही आठवायचं नाही. पाईप आठवायचे.

"आणि पाईप वाढवावे लागले की?" मी एकदा विचारलं.

"मंग गावाचं नाव बदलतं," ते म्हणाले. "आता आपन चाललोत ना, ते पंधराचं हाय. मी नोकरीला लागलो तवा सातचं होतं."

हे सांगताना आवाजात हळहळ नव्हती. पोराची उंची सांगावी तसं सांगितलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

घर रेणापूरला, चार पिढ्यांचं. रोज एसटीनं येऊन-जाऊन नोकरी. उंच, वाळके, खांद्यातून थोडे पुढे झुकलेले. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथं यांच्या चामड्याच्या गोल चकत्या. हापशाच्या तळाशी एक सिलिंडर असतो, त्यात चामड्याचे वॉशर बसवलेले असतात. ते झिजले की बाई कितीही हापसो, पाणी वर चढत नाही. ऑफिसातून येणाऱ्या वॉशरवर हमीदभाईंचा फारसा विश्वास नव्हता. ते घरी चामडं भिजवायचे, तेल पाजायचे आणि स्वतः कापायचे. हे कुठून शिकलात, म्हटल्यावर म्हणाले, "अब्बा भिस्ती होते आमचे. पाठीवर मशक घिऊन घरोघर पानी टाकायचे. मशक गळायला लागली की शिवायला आमाला बसवायचे. नळ आले, मशक गेली. चामडं ऱ्हायलं माझ्याकडं."

त्यांच्याबरोबरची माझी पहिली फेरी मला अजून नीट आठवते. ग्रामपंचायतीसमोर सरपंचांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी हातात फाईल घेऊन त्या दिशेनं निघाले. हमीदभाई खुर्च्यांना लांबूनच सलाम करून सरळ हापशाकडे गेले. तिथं दोन घागरी घेऊन एक बाई उभी होती.

"बाई, किती हापसल्यावर पानी येतंय?"

"सकाळच्याला चाळीस डाव. दुपारी लईच. आन मधीच खरखर करतंय बघा."

"खरखर वर करतंय का खाली?"

बाईनं जरा विचार केला. "खाली."

"झालं," हमीदभाई माझ्याकडे वळून म्हणाले. "निम्मं काम बाईनंच केलं." मग त्यांनी हापशाच्या खांबाला कान लावला, बाईला दहा वेळा हापसायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. दोन तासांत पाईप वर आले. पाईपांच्या आतला तळाकडचा रॉड एका बाजूनं घासून चपटा झाला होता. परतताना गाडीत म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घिऊ नका. पन सरपंच हापसा हापसत न्हाईत. ज्याचा खांदा दुखतो त्याला इचारायचं."

मला वाईट वाटलंच. चार वर्षांच्या शिक्षणात कुणी मला हा एक प्रश्न विचारायला शिकवलं नव्हतं.

गावात गेलं की चहा येतोच. हमीदभाई हापसा चालू होईपर्यंत चहाला हात लावत नसत. सुरुवातीला मला तो त्यांचा ताठा वाटला. एका गावात एक म्हातारे आजोबा फारच आग्रह करायला लागले, "मिस्त्री, घ्या की, तुमच्यासाठी केलाय," तेव्हा हमीदभाई म्हणाले, "काका, चहाला बी पानी लागतं. ते कुनीतरी दोन शेतं वलांडून डोक्यावर आनलंय. तुमचा हापसा सुरू होऊ द्या, मंग दोन कप घेतो." आणि सुरू झाल्यावर खरंच दोन घेतले, एकामागोमाग. त्यांना चहा अतिशय आवडायचा. म्हणूनच मला नंतर त्या गोष्टीचं वजन कळलं.

त्यांच्याशी बोलणं सोपं नव्हतं. तोंडावर खरं बोलायचे आणि ते ऐकणाऱ्याला लागतं हे त्यांच्या गावी नसायचं. निलंग्याच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांनी सगळे पाईप वर काढले, दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडलं, वर ओढलं. दोरी शेवटपर्यंत कोरडी. भोवती पन्नास माणसं उभी. मी म्हणत होते की सांगू या, दुरुस्तीचं काम चालू आहे, आठ दिवसांत बघतो. हमीदभाईंनी दोरी गुंडाळली आणि मोठ्यानं सांगितलं, "हापसा ठीक हाय. पानी न्हाई. दुसरीकडून आनायची सोय बगा, आजपासूनच. हितं वाट बघू नका." एक माणूस चिडून म्हणाला, "असं तोंडावर कुनी सांगतं व्हय?" हमीदभाई म्हणाले, "आठ दिवसांनी सांगितलं तर आठ दिवस वाया जातेत तुमचे." त्या दिवशी आम्ही चहा न घेता परतलो.

एका गावाच्या हापशानं मात्र त्यांना चांगलंच छळलं. तक्रार यायची, आम्ही जायचो, तर हापसा उत्तम चाललेला. परत आलो की चार दिवसांनी पुन्हा तक्रार, पाणी बंद. नामदेव म्हणायचा, गावालाच सवय लागली अर्ज करायची. मी वैतागून तो अर्ज खालच्या खणात टाकायला लागले होते. हमीदभाईंनी तिथल्या बायकांना विचारून विचारून एवढंच काढलं की हापसा एक आठवडा चालतो आणि एक आठवडा दिवसभर कोरडा असतो. दोन दिवस ते त्याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्या आल्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, लाईट!"

शेतातली वीज तिकडे आठवड्याच्या पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हापशाच्या शेजारीच दत्तराव नावाच्या शेतकऱ्याचा ऊस होता आणि उसात बोअर. वीज दिवसा असली की मोटार दिवसा चालायची आणि हापसा कोरडा पडायचा.

मला वाटलं, आता नोटीस काढावी लागणार. हमीदभाई म्हणाले, "कागद नका काढू. कागद दिला की मानूस वकिलाकडं जातो." त्यांनी हापशाचे पाईप वर काढले आणि दत्तरावांनाच बोलावून आणलं. दत्तराव धिप्पाड, मिशाळ गृहस्थ. येतानाच म्हणाले, "बोअर माझ्या रानात हाय. माझं पानी मी वडतो."

"हाव, तुमचंच हाय," हमीदभाई म्हणाले. "जरा ही दोरी धरा फक्त."

दोरी सोडली, वर ओढली. पाणी कुठवर लागलं ती ओली खूण दत्तरावांनी स्वतः पाहिली. मग मोटार चालू करायला लावली. अर्ध्या तासानं पुन्हा दोरी, मग पुन्हा. दर वेळी ओली खूण वजनाच्या अधिकाधिक जवळ सरकत होती. चौथ्या वेळेला दोरी कोरडी आली. दत्तरावांनी मागे वळून पाहिलं. रांगेत घागरी मांडून बायका उभ्या होत्या, त्यात त्यांची स्वतःची आईही होती. घरचा नळ त्यांच्याही घरी नव्हता.

"उसाला बी पानी लागतंय, मी न्हाई म्हनत न्हाई," हमीदभाई म्हणाले. "पन ऊस काई घागर घिऊन रांगेत उभा ऱ्हात न्हाई."

दत्तरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बायांचं भरून कवा होतंय?"

"धा वाजेस्तोवर."

"मंग धाच्या आत मी बटन दाबत न्हाई."

दोन उन्हाळे त्यांनी शब्द पाळला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या चुलतभावानं पलीकडं आणखी खोल बोअर घेतलं आणि हापसा कायमचा गेला. हमीदभाईंनी पाईप काढून आणले. मी चिडले होते. ते म्हणाले, "दोन उन्हाळे पिलं ना लोकांनी? ते काई परत जानार न्हाई."

एकदा रेणापूरला काम निघालं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शमीमभाभी बुटक्या, गोऱ्या, तोंडाच्या फटकळ. अंगणात पेरूचं एक झाड होतं. त्याला भांडी-कपडे धुतलेलं पाणी एका पन्हळीतून जायचं. मी कौतुक केलं तर भाभी म्हणाल्या, "पन्हळ यांनी केली, पन पानी मी आनते. तालुकाभर हापसे दुरुस्त करतेत. घरात मात्र घागर माज्याच कमरेवर. सत्तावीस वर्सं झाली, एक दिवस भरून दिली न्हाई." हमीदभाई खाली मान घालून चकत्या कापत होते. कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवसापासून ते पहिल्या एसटीऐवजी दुसऱ्या एसटीनं यायला लागले. अर्धा तास उशीर व्हायचा. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

ओढ्याकाठच्या एका वस्तीवर चाळीसेक घरं होती आणि हापसा एकच. त्याच्या पाण्याचा प्रयोगशाळेतून अहवाल आला: पिण्यास अयोग्य, फ्लोराईड जास्त. अहवाल वाचायची गरज नव्हती, तिथल्या लेकरांचे दात पाहिले की कळत होतं. पिवळे-तपकिरी डाग. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाकलेले, पाठी ताठ झालेल्या. आदेश असा होता की हापशाला लाल रंग द्यायचा आणि हँडल काढून आणायचं. मे महिन्याचे पहिले दिवस. मी, हमीदभाई आणि नामदेव गेलो. मी अहवाल वाचून दाखवला. कुणी तो ऐकत नव्हतं, सगळे हमीदभाईंच्या हातातल्या पान्याकडे बघत होते.

गंगाबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली. "पोरी," ती मला म्हणाली, "दात पिवळे झाले तर झाले. उद्या सकाळी लेकराच्या तोंडात काय घालू, ते कागदात लिव्हलंय का?"

मी अहवालाची घडी घातली. हमीदभाईंनी डबा उघडून हापशाला लाल पट्टा मारला आणि पाना पिशवीत ठेवला.

"हँडल?" मी हळूच विचारलं.

"राहू द्या. जनावरं काय पितील? भांडी कशानं घासतील? आर्डर लिहिनाऱ्यानं प्यायच्या पान्याचं लिहिलं. बाकीच्या पान्याचं न्हाई लिहिलं."

तरी प्यायच्या पाण्याचा प्रश्न होताच. आम्ही गाडीकडे वळलो तशा बायका गाडीसमोर बसल्या. कुणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. नुसत्या बसल्या. गंगाबाई म्हणाली, "तुमी गेलाव की परत कोन येतंय?" मी टँकर पाठवते असं सांगत होते आणि माझं मलाच ते खोटं वाटत होतं, कारण टँकर मंजूर करणं माझ्या हातात नव्हतं.

हमीदभाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, कडुलिंबाखाली अंथरला आणि खाली बसले. "मी बसतो हितं. टँकर आला न्हाई तर मी बी जात न्हाई. मॅडमला सोडा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गंगाबाई बाजूला सरकली.

मी तिथून निघाले तेव्हा मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. प्रस्ताव, पाहणी, सह्या. कुणी मुद्दाम उशीर केला असं मी म्हणणार नाही, कागदाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. पण दर तासाला मला लिंबाखालचा तो टॉवेल दिसायचा. साहेबांच्या केबिनबाहेर मी त्या दोन दिवसांत जेवढी उभी राहिले, तेवढी नोकरीत पुन्हा कधी राहिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर मिळाला. मी ड्रायव्हरशेजारी बसूनच वस्तीवर गेले.

टँकर आला की माणसं धावतात, हंडे आपटतात. इथं कुणीच धावलं नाही. लिंबाखाली टॉवेल होता, माणूस नव्हता. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं आवाज ऐकू आले. सगळी वस्ती तिकडं जमली होती. एक जुना आड, तोंडावरची काटेरी बाभळ तोडून बाजूला टाकलेली, बायांची रांग लागलेली, हातोहात गाळाची घमेली बाहेर येताहेत. आणि आत कमरेइतक्या गाळात हमीदभाई. पंचावन्न वर्षांचा माणूस, कमरेला दोर बांधलेला.

नंतर गंगाबाईनं मला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी बसल्या बसल्या त्यांनी तिला विचारलं होतं, "मावशी, हापसा यायच्या आधी काय पीत होते तुमी?" ती म्हणाली, सासू ओढ्याकाठच्या आडाचं भरायची. हापसा आला, आड पडून राहिला. मग शेळी पडली म्हणून वर काटे टाकले. हमीदभाई उठून आड बघायला गेले. सकाळी आत विषारी हवा नाही ना हे बघायला त्यांनी पेटता कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही, मग उतरले. आधी दोन तास एकटेच गाळ काढत होते. मग गंगाबाईची सून आली, मग सगळेच आले.

"दोन दिवस प्यायलं काय त्यांनी?" मी विचारलं.

"आमचंच की. लाल हापशाचं. मी म्हनले, नका पिऊ. तर म्हनले, तुमी जन्मभर पिलं, मला दोन दिसानं काय हुतंय."

हमीदभाई वर आले तेव्हा डोळे सोडून सगळे काळे झाले होते. टँकरकडे बघून म्हणाले, "आला का? बरं झालं. हे पानी निवळायला आठवडा लागंल, तवर लागंलच." मग मला बाजूला घेऊन, "मॅडम, खोल बोअरचं पानी दगडात लई वर्सं मुरलेलं असतं. ह्ये वरचं, पावसाचं. खराब नसंल. पन माझ्या म्हनन्यावर जाऊ नका, बाटली भरून तपासायला पाठवा." मी पाठवली. औषध टाकून पाणी शुद्ध केल्यावर ते पिण्यास योग्य असा अहवाल आला. त्या उन्हाळ्यात आणि नंतरही ती वस्ती आडाचं पाणी प्यायली. पुढं तिथं नळयोजना आली, पण आडावर बांधलेला कठडा मी गेल्या वर्षीच पाहिला आहे.

मला वाटलं होतं, या कामाची कुठंतरी नोंद व्हावी. मी एक टिपण लिहिलं. हमीदभाईंनी ते वाचायला मागितलं, वाचलं आणि म्हणाले, "ह्याच्यात गंगाबाईचं नाव न्हाई." मी ते घातलं. टिपणाचं पुढं काही झालं नाही.

ते निवृत्त झाले, माझी बदली नांदेडला झाली. फोन व्हायचे. त्यांचं पहिलं वाक्य "मॅडम, तिकडं पानी कसं हाय?" आणि मी काहीही सांगितलं तरी दुसरं, "हाव, चांगलं हाय मंग." गेल्या हिवाळ्यात शमीमभाभींचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. मी रेणापूरला जाऊन आले.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस, नांदेडला. त्यांची नात सानिया विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रवेशाचं विचारायला आली होती आणि ते सोबत आले होते. काम लवकर झालं. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी दोघांना जवळच्याच धरणाच्या वरच्या बाजूला नेलं. गोदावरी काठोकाठ भरलेली होती. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. मला वाटलं, ते काहीतरी विचारतील: किती खोल, किती गावांना जातं. पण त्यांनी उताराच्या कडेला चपला काढून हातात घेतल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्यात जाऊन उभे राहिले.

बराच वेळ झाला. सानिया घड्याळाकडे बघून आजोबांना हाका मारायला लागली, "दादा, चला ना. गाडी जाईल."

"थांब गं," ते मागं न बघता म्हणाले. "पायाला जरा कळू दे."

आम्ही दोघी काठावर थांबलो. वारा सुटला होता. लाटा त्यांच्या गुडघ्यांना लागून परत फिरत होत्या आणि ते दोन्ही हातांत एकेक चप्पल धरून, समोर बघत, तसेच उभे होते.